वाकणवाडीचा विनंती थांबा

आमच्या घरासमोरून राज्य मार्ग जातो. हे वाक्य मी एकेकाळी फार अभिमानाने उच्चारत असे. पाहुण्यांना पत्ता सांगताना, दहावीच्या वर्गाला ‘वाहतूक व दळणवळण’ शिकवताना, इतकंच काय, केस कापून घेताना न्हाव्यालासुद्धा. आता कुणी पत्ता विचारला की मी विषय बदलतो.

हा राज्य मार्ग सगळा मिळून अकरा किलोमीटर आहे. मुंबई-गोवा हमरस्त्यावरच्या फाट्यापाशी सुरू होतो आणि हातखोलच्या बाजारात, खताच्या दुकानासमोर, एकाएकी संपतो. पुढे खाडी. एवढ्याशा रस्त्याने राज्य मार्ग होण्यासारखं कोणतं पुण्य केलं होतं, हे भूगोलाचा शिक्षक असूनही मला सांगता येणार नाही. चौऱ्याऐंशी सालापर्यंत तो साधा जिल्हा मार्ग होता, खड्डे होते, आणि आम्ही सुखात होतो.

आमची वाकणवाडी हातखोलपासून अडीच किलोमीटरवर, बरोबर वळणात. मी हातखोलच्या हायस्कुलात सायकलने जातो, त्यामुळे एस.टी. कुठे थांबते नि कुठे नाही याच्याशी माझा संबंध नव्हता. पण चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये वासंतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, रत्नागिरीच्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली. वर्षभर तात्पुरती, मस्टरवर उशिराचे शेरे पडले नाहीत तर पुढल्या जूनला कायम. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्या दिवशी पत्र हातात घेऊन पडवीत बसलेली वासंती मी आधी कधी पाहिली नव्हती. दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, “अहो, तिथे चार हजार पुस्तकं आहेत. आणि बारा कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे राहणार.”

अडचण एकच होती, तिचा डावा पाय. तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून घसरली, तेव्हापासून घोटा जुळला खरा, पण वाकडा. घरात वावरताना कळत नाही. लांब चालायचं म्हटलं की सुजतो. रत्नागिरीची गाडी हातखोलहून सातला सुटते आणि आमच्या दारावरून सात-दहाला जाते. पण थांबा एक तर हातखोलच्या स्टँडवर, नाही तर घाटी चढून दोन किलोमीटर वर, डोंगराच्या धारेवर. मधे आम्ही. सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला एकदा नेली होती. रस्त्याखालच्या मोरीपाशी तोल गेला, दोघं कडेच्या दगडी गडग्यावर आपटलो, आणि नेमके तेव्हाच नववी ‘ब’चे सात विद्यार्थी तिथून चालले होते. त्यानंतर तिनेही नको म्हटलं आणि मीही आग्रह केला नाही. हातखोलात रिक्षा एकच, आणि सकाळच्या वेळी ती मासळीच्या टोपल्यांनी भरलेली असायची.

तरी गाडी अगदीच थांबत नव्हती असं नाही. काशीराम नावाचा कंडक्टर होता. सज्जन माणूस. त्याची पाळी असली आणि ड्रायव्हरचा मूड बरा असला की वासंतीचा हात दिसताच तो घंटी मारायचा. आठवड्यातून तीन दिवस गाडी थांबायची. उरलेले तीन दिवस तिला लवकर निघून धार चढावी लागायची. शहाण्या माणसाने तीन दिवसांवर देवाचे आभार मानले असते. पण मला सहाही दिवस पाहिजे होते, आणि तेही कायदेशीर पाहिजे होते.

“अर्ज टाका मास्तर,” गडग्यापलीकडून महिपतराव म्हणाले. महिपतराव आमचे शेजारी, निवृत्त तलाठी, आणि गावच्या देवीचे मानकरी. त्यांना अर्ज या वस्तूबद्दल एक हळवं प्रेम आहे. “विनंती थांबा बोलतात त्याला. पिवळी पाटी येते. साधा अर्ज, एका पानाचा. पंधरा दिवसांत काम.”

पंधरा दिवस म्हणजे कोणते, हे मी विचारायला हवं होतं.

डेपोतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि म्हणाले, “थांबा द्यायला आमची ना नाही. रस्ता ज्यांचा आहे त्यांचं ना-हरकत पत्र आणा, लगेच पाटी लावतो.” मी जिल्हा मार्गवाल्यांकडे गेलो. तिथल्या कारकुनाने मला दयाळूपणे समजावलं, की हा रस्ता एक तारखेपासून राज्य मार्ग झाला असून तो आता बांधकाम खात्याकडे वर्ग केला आहे. मी बाहेर पडताना तो ‘अभिनंदन’ असंही म्हणाला. मी बांधकामवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, वर्ग झाला असेल, पण तसं पत्र आम्हाला आलेलं नाही. पत्र येईपर्यंत तो रस्ता आमच्या दृष्टीने नाही. असा चार महिने तो रस्ता कोणाचाच नव्हता. त्या चार महिन्यांत पडलेले खड्डेही कोणाचेच नव्हते. मी रोज त्यातूनच सायकल हाणत शाळेत जाई आणि मुलांना रस्त्यांचे प्रकार शिकवी.

शेवटी पत्र आलं आणि जीपमधून एक ओव्हरसिअर आले. तरुण होते, हातात मोजायचा नवा टेप होता. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं नि कपाळाला आठी घातली.

“इथे वळण आहे.”

“वाडीचं नावच वाकणवाडी आहे साहेब.”

“राज्य मार्गावर वळणात थांबा देता येत नाही. मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे. आधी आतल्या अंगाची झाडी आणि अडथळे काढावे लागतील. ग्रामस्थांची मागणी असेल तर आम्ही लगेच काढू.”

ग्रामस्थ म्हणून तिथे मी एकटाच उभा होतो. त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून यादी केली: करवंदीच्या जाळ्या, सागाची दोन झाडं, पडका चौथरा एक. मी यादी वाचली, एके ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि ‘मागणीदार’ या शब्दाखाली झोकदार सही केली.

तो पडका चौथरा म्हणजे देवीची सहाण होती. शिमग्यात जाखमातेची पालखी वाडीत येते तेव्हा ती दिवसभर त्या दगडी चौथऱ्यावर बसते, वाडी ओट्या भरते, नारळ ठेवते. हे मला माहीत होतं. मी काही परका नाही, माझा जन्म इथला. पण वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती सहाण गवतात बुडालेली असते, आणि मी त्या वेळी फक्त सात-दहाच्या गाडीचा विचार करत होतो. दिवाळीच्या सुमारास मजूर आले नि दोन दिवसांत सगळं साफ करून गेले. वाडी तेव्हा भातकापणीत होती. महिपतरावांनी मोकळ्या झालेल्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

“सहाण गेली मास्तर.”

“अरेच्चा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“शिमग्याला बघू,” ते म्हणाले आणि भात झोडायला निघून गेले.

या सगळ्याच्या आधी, गणपतीत, आणखी एक गोष्ट घडून गेली होती. आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला, आणि त्यांचं तिथे ‘वाकणवाडी ग्रामस्थ मंडळ’ आहे. मंडळाची सभा कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत रविवारी भरते, आणि तिथे ठराव झाल्याशिवाय इथे वाडीत खांबही रोवला जात नाही. मंडळाचा सेक्रेटरी गंगाराम गणपतीला आला होता, त्याला माझ्या अर्जाची बातमी लागली.

“मास्तर, नुसती पाटी?” त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. “आपल्या वाडीची शोभा काय राहिली? मुंबैत प्रत्येक स्टॉपला शेड असते. मंडळ बांधून देल. तुमी फक्त जागा द्या.”

मी म्हटलं, मला शेड नको, गाडी हवी. तो म्हणाला, पावसाळ्यात वैनी भिजतील. हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय ओव्हरसिअरनेही नंतर सांगितलं, की राज्य मार्ग असल्यामुळे उतारू रस्त्याच्या कडेला उभे राहून चालणार नाहीत, आत हटून निवारा हवाच. मग मी माझा पुढचा गडगा पाडला आणि अंगणाचा तुकडा बक्षीस लिहून दिला. त्या तुकड्यात वासंतीचा रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, होता. दर उन्हाळ्यात त्याची सोलं वाळत घालायची ती. झाड तोडलं तेव्हा ती मागल्या दारी जाऊन उभी राहिली. परत आली नि म्हणाली, “असू दे. गाडी थांबली म्हणजे झालं.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेड बांधायला भागोजी गवंडी आला. भागोजीच्या हाताला जांभा दगड विरघळतो असं लोक म्हणतात. त्याने जन्मभर घरं आणि देवळं बांधली, बसथांबा कधी बांधला नव्हता. त्याने जोतं उंच घेतलं, पुढे तीन पायऱ्या काढल्या, दारावर छान कमान आणली, आणि आतल्या भिंतीत मधोमध एक सुबक कोनाडा ठेवला.

“भागोजी, थांब्याला कोनाडा कशाला?”

“दिवा लावायला.”

“थांब्यात दिवा कोण लावतो?”

“मास्तरांनू, आता हातातून तसाच येतो,” तो लाजून म्हणाला. “बुजवू काय?”

इतकं देखणं काम बुजवायला सांगण्याचा धीर मला झाला नाही. आजही त्या कोनाड्याचा विचार मनात आला की मी उठून पाणी पितो.

फेब्रुवारीत पिवळी पाटी आली. ‘वाकणवाडी. विनंती थांबा.’ आणि खरं सांगतो, गाडी थांबली. रोज थांबली. सात-दहाला वासंती आतल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली असे, मी चहाचा कप हातात धरून फाटकात उभा असे, गाडी वळणातून पायऱ्यांशी येई, काशीराम एक घंटी मारी, आणि वासंती वरच्या पायरीवरून जवळजवळ सपाटच गाडीत पाऊल टाकी. संध्याकाळी ती पुस्तकांबद्दल बोलायची. कुठल्या मुलीने काय नेलं, कुणी पानं दुमडली. तिच्या पायाची सूज उतरली. मी शाळेत विनाकारण शिट्टी वाजवत हिंडू लागलो. हे सुख एकोणीस दिवस चाललं.

मग शिमगा आला.

ढोल वाजवत, नाचवत पालखी वळणावर आली आणि थबकली. ढोल बंद झाले. खांदेकरी जिथे सहाण असायची तिथे पाहत उभे राहिले. तिथे आता मुरूम पसरलेला होता आणि बांधकाम खात्याची एक पांढरी खुंटी. ऊन रणरणत होतं. मुंबईची मंडळी घामाघूम झाली होती. हळूहळू एकेक डोळा माझ्याकडे वळला. मागणीदार कोण होता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आपल्या दारात आलेल्या देवीला बसायला जागा नाही, आणि ती आपण घालवलेली, ही भावना, मी देवाधर्माचं फारसं करत नसलो तरी, मला सहन झाली नाही. आणि मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. मीच आपल्या तोंडाने बोललो.

“थांब्यात टेकवा की घटकाभर. सावली आहे, जागा स्वच्छ आहे.”

महिपतरावांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “मास्तर, इचार करून बोलताव ना?”

“अहो, घटकाभर तर.”

रावजी गुरवाने देवीच्या रुप्याला, म्हणजे चांदीच्या मुखवट्याला, दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. सगळे श्वास रोखून उभे होते, आणि मला चक्क तिचा होकार यावा असं वाटत होतं. उजवी कळी टपकन पडली. माझा जीव भांड्यात पडला. रावजीने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे आई जाखमाते म्हाराजा! तुजी जुनी जागा सरकारनी मोडलीन, ती चूक पोटात घाल…”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली.

“…आज मास्तरानी आपल्या हिश्शातली जागा तुला दिलानी, ती तुजी कायमची सहाण समजून गोड मानून घे…”

“कायमची नव्हे हो, घटका…” मी म्हणालो.

“व्हय म्हाराजा!”

माझा आवाज त्यात बुडाला. आणि लहानपणापासूनची सवय अशी, की पुढच्या दोन वाक्यांना मीही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

पालखी संध्याकाळी उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वासंती डबा घेऊन गेली तेव्हा महिपतरावांच्या तुळसाबाई पायऱ्या धुऊन रांगोळी घालत होत्या. कोनाड्यात दिवा होता. बाक कुणीतरी काढून मागे ठेवला होता.

“वैनी, चपला खाली सोडा हां,” तुळसाबाई म्हणाल्या.

वासंती चपला काढून खालीच उभी राहिली. गाडी आली. तिने हात वर केला. गाडीचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने एक हात चाकावरून काढून छातीला लावला, काशीरामने खिडकीतून दोन्ही हात जोडले, एक नाणं पायरीवर खणकन येऊन पडलं, दोन घंट्या झाल्या, आणि गाडी घाटीला लागली.

“मी हात दाखवला,” वासंती म्हणाली, “तर त्याने हात जोडले.” मग तिने चपला चढवल्या आणि पुढची गाडी धरायला धारेच्या दिशेने चालू लागली.

मी त्याच संध्याकाळी काशीरामला स्टँडवर गाठला.

“मास्तर, देवीच्या पुढ्यात गाडी कशी उभी करू?” तो कळवळून म्हणाला. “मानसं खिडकीतून पिचकाऱ्या मारतात. कोंबड्या असतात गाडीत, सुकी मासळी असते. डायवर तर बोलतो, मी ब्रेक मारणारच न्हाय.”

“मग वीस पावलं पुढे थांबव. पूर्वी थांबवत होतास तशी.”

“तवा थांबा नव्हता, मी माझ्या मर्जीनं थांबवत होतो. आता थांबा हाय. थांबा सोडून वीस पावलांवर उभी केली तर चेकर मला उभा करील.”

मी सायकल घराकडे वळवली.

मी पुन्हा अर्ज केला. डेपोने कळवलं, वाकणवाडी येथे थांबा अस्तित्वात असल्याने त्याच्या दोन किलोमीटरच्या आत दुसरा मंजूर करता येत नाही. मग असलेला थांबाच रद्द करा म्हणालो, तर निवारा राज्य मार्गालगत असल्याने बांधकाम खात्याला विचारा म्हणाले. तेच तरुण ओव्हरसिअर पुन्हा आले, बूट काढून तीन पायऱ्या चढले, नमस्कार केला, आणि खाली येऊन वहीत लिहिलं, ‘धार्मिक स्थळ एक. हलवण्यास ग्रामस्थांची संमती आवश्यक.’ ग्रामस्थ म्हणाले, मुंबईला लिहा. मंडळाचं पत्र आठ दिवसांत आलं. त्यात देवीला स्वतःची जागा देणाऱ्या पाध्ये मास्तरांचं अभिनंदन करणारा ठराव होता, आणि माझ्या नावाची संगमरवरी पाटी कमानीवर बसवण्याचं ठरलं होतं. नावातला दत्तात्रेय पूर्ण लिहायचा की नुसता द., एवढंच त्यांना हवं होतं.

“पुढल्या शिमग्याला देवीला इचारू,” महिपतराव म्हणाले. “तिनं कौल दिलान, तर उठवू.”

पुढल्या शिमग्यापर्यंत वासंतीचा पाय थांबणार नव्हता. ती काठी घेऊन रोज धार चढत होती, आणि सुजल्या पायाने गाडी हुकत होती. मार्चमध्ये मस्टरवर दोन शेरे पडले, एप्रिलमध्ये चार. एक दिवस ग्रंथालयाच्या तासाला मुली अर्धा तास बंद दाराबाहेर उभ्या राहिल्या, ते तिच्या जिवाला फार लागलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या रात्री तिने जेवताना मला सांगितलं. आवाज अगदी साधा होता.

“चित्रकलेच्या मालिनीबाई आहेत ना, त्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे. शाळेपासून चार घरं. मी तिथे राहते. शनिवारी येईन, सोमवारी पहाटे स्टँडवर सोडा.”

“आणि मी?”

“तुम्ही सोडून दे म्हणत असाल तर सोडते,” ती म्हणाली. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी म्हणालो, “नको. सोडू नकोस.” हे मी मनापासून म्हणालो. आणि मला मनापासून वाईटही वाटलं. घरात दोघंच आम्ही. आमटीला फोडणी कशी द्यायची हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

जूनमध्ये ती कायम झाली. आता शाळा शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटते, आणि चारच्या सुमारास तिची गाडी घाटी उतरून आमच्या वळणावर येते. मी आधीपासून खाली उभा असतो, चपला काढून, कारण तुळसाबाईंचं लक्ष असतं. गाडी देवीपुढे मंद होते. तेवढ्यात वासंती खिडकीतून पुस्तकांची जड पिशवी बाहेर धरते आणि मी शेजारून चार पावलं धावत ती घेतो.

“भाकऱ्या केल्यात का?”

“तांदूळ भिजत घातलेत.”

“भाकरीला तांदूळ भिजत घालत नाहीत हो!”

एवढं बोलून होतं. परवा काशीराम मागच्या खिडकीतून माझ्यावर रागावला. “मास्तर, देवीसमोर उभे हाव, हात तरी जोडा!”

माझ्या दोन्ही हातांत पिशवी होती. दोन घंट्या झाल्या, गाडी हातखोलकडे गेली. धारेवरची उतरण घोट्याला सोसत नाही, म्हणून स्टँडवर उतरून ती बाकावर बसून राहते, काठी आडवी ठेवून. मी पिशवी पडवीत ठेवली, भिजलेल्या तांदळावर झाकण घातलं, दाराला कडी लावली, आणि तिला आणायला चालत निघालो.